हरणाला जड गोळीच लागते, या समजाला उत्तर

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत सध्या एक मोठा मजकूर एकमेकांना पाठवला जातो आहे. आपली मुलं, भाचे, पुतणे अमेरिकेत किंवा न्यूझीलंडला स्थायिक झालेत, तिथं हरणाची शिकार कायदेशीर आहे, तर त्यांनी रायफल कोणती घ्यावी याचा सल्ला त्यात दिला आहे. म्हणणं थोडक्यात असं : बोर (नळीच्या आतल्या भोकाची रुंदी) जितका मोठा आणि गोळी जितकी जड, तितकं जनावर जागेवर पडतं. .२४३ (इंचात) अशा लहान बोरच्या ‘पोरांच्या रायफली’नं हरीण नुसतं जखमी होतं. १००० फूट-पाउंडांच्या (हे ऊर्जेचं इंग्रजी माप) खाली ऊर्जा गेली की गोळी मारत नाही. जड गोळी झुडपातून सरळ जाते. आणि आपल्या वाडवडिलांच्या तीनशे पंधरा (.३१५) बोरनं हे सगळं कधीच सिद्ध केलं आहे.

मी जनावरांचा डॉक्टर आहे. टेक्सासमधला माझा भाचा हाच मजकूर वाचून .३०० विन्चेस्टर मॅग्नम ही भारी ताकदीची रायफल विकत घ्यायला निघाला, म्हणून हे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण चंबळच्या पट्ट्यात बंदुकीचे परवाने घरोघरी आहेत. भारतात हा प्रश्नच उरत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नं शिकारीवर बंदी आहे. शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. चितळ असो, सांबर, काळवीट की चिंकारा, त्याच्यावर गोळी झाडणं गुन्हा आहे. पुढचं सगळं जिथं कायद्यानं शिकार चालते तिथल्यासाठी. टेक्सासमध्ये १९३२ साली आपलंच चितळ नेऊन सोडलं, ते तिथं मोकाट वाढलं आणि आज तिथं त्याची रीतसर शिकार होते. भाच्याला शिकार करायची आहे ती याचीच.

‘जड गोळी जनावर जागेवर लोळवते.’ हिशोब करून पाहू. .३०८ बोरची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी म्हणजे ९.७ ग्रॅम. ती नळीतून सेकंदाला सुमारे ८६० मीटर वेगानं निघते. ती ७० किलोच्या चितळात पूर्ण थांबली, अगदी नळीच्या तोंडाशी जितका वेग होता तितक्याच वेगानं लागली असं धरलं, तरी त्या चितळाला मिळणारा वेग सेकंदाला १२ सेंटिमीटर. .३०-०६ या मोठ्या काडतुसाची १८० ग्रेनची गोळी घ्या : १४ सेंटिमीटर. .३०० मॅग्नमची १८० ग्रेनची घ्या : १५ सेंटिमीटर. एवढ्यानं उभं जनावर उलथत नाही. गोळीला जितका संवेग मिळतो तितकाच, किंबहुना दारूच्या वायूमुळे थोडा जास्तच, मागे खांद्याला मिळतो. गोळी जनावराला उडवू शकली असती, तर चालवणाराही उडाला असता.

मग हरीण मरतं कशानं? रक्तस्रावानं. छातीत, पुढच्या पायाच्या मागे, फुफ्फुसं, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या एकत्र असतात. तिथं रुंद भोक पडलं की रक्तदाब कोसळतो, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि साधारण १० ते १५ सेकंदांत जनावर पडतं. तेवढ्या वेळात निरोगी हरीण ५०-१०० मीटर सहज धावून जातं, हृदयात गोळी बसली असली तरीही. हा नेम चुकल्याचा पुरावा नाही आणि गोळी हलकी असल्याचाही नाही. जागेवर कोसळतं ते मेंदूला किंवा मणक्याला इजा झाली तर. म्हणजे ‘जागेवर पडलं’ यावरून गोळी कुठे लागली ते कळतं, ती किती जड होती ते नाही.

‘.२४३ नं फक्त जखमी होतं.’ या दाव्याला मी जास्त वेळ देणार आहे, कारण यात एक खरी गोष्ट चुकीच्या कारणाला चिकटवली आहे.

.२४३ विन्चेस्टर १९५५ साली आलं, .३०८ च्याच काडतुसाची मान आवळून. १०० ग्रेनची गोळी त्यातून सेकंदाला सुमारे २९६० फुटांनी निघते, ऊर्जा सुमारे १९४५ फूट-पाउंड. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ चा हरणांचा कायदा मोठ्या हरणांसाठी किमान .२४० इंच बोर आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पाउंड मागतो. .२४३ त्यात बसतं, आणि हा कायदा लाल हरणालाही लागू आहे, ज्याचा नर आपल्या चितळापेक्षा कितीतरी मोठा असतो. स्कॉटलंडमध्ये मोठ्या हरणांसाठी गोळी किमान १०० ग्रेनची असावी असा नियम होता. २०२३ मध्ये तो ८० ग्रेनवर आणला, शिशाऐवजी तांब्याच्या हलक्या गोळ्या वापरता याव्यात म्हणून.

शिवाय वजन एकटं काही सांगत नाही. गोळी किती आत शिरेल हे वजन आणि जाडीचा वर्ग यांच्या प्रमाणावर बरंच अवलंबून असतं. .२४३ च्या १०० ग्रेन गोळीचं हे प्रमाण ०.२४२, तर .३०८ च्या १५० ग्रेन गोळीचं ०.२२६. म्हणजे ‘पोरांची’ गोळी या बाबतीत किंचित पुढेच आहे.

खरी गोष्ट अशी. .२४३ मध्ये ५५-५८ ग्रेनच्या, शिशावर तांब्याचं पातळ कवच असलेल्या गोळ्याही मिळतात. त्या कोल्ह्या-सशांसाठी असतात, लागताच फुटतात. तशी गोळी हरणाच्या खांद्याच्या हाडावर बसली तर वरवर मोठी जखम होते, आत काहीच पोचत नाही आणि जनावर लंगडत निघून जातं. असे प्रसंग घडतात. दोष बोरचा नसतो, गोळीच्या बांधणीचा असतो. उलट टोकाला लष्करी, पूर्ण कवचाची गोळी : ती पसरतच नाही, आरपार बारीक भोक पाडून जाते. शिकारीला मधलं हवं. पुढचं टोक पसरावं आणि मागचा भाग एकसंध राहून खोल जावा. अमेरिकेतल्या जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घालून हेच साधलं. पुढचं शिसं फुटलं तरी मागचं टिकतं. आता शिसं कवचाला जोडून टाकलेल्या गोळ्या आहेत, पूर्ण तांब्याच्या आहेत. डब्यावर ग्रेनचा आकडा वाचण्याआधी गोळीची बांधणी वाचावी. तो मजकूर लिहिणाऱ्यानं याविषयी एक शब्दही लिहिलेला नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

‘१००० फूट-पाउंड हवेतच.’ .३०-३० हे १८९५ चं काडतूस. त्याची १७० ग्रेनची गोळी २०० यार्डांवर जेमतेम ९९० फूट-पाउंडांची उरते. या नियमानं तिथं ती निकामी ठरायला हवी, पण अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या तिनं हरणं मारली आहेत. धनुष्याच्या बाणाची ऊर्जा तर शंभराच्याही आत असते, तरी फुफ्फुसं कापली की हरीण मरतं. विचारायचा आकडा वेगळा आहे : ही गोळी पसरायला लागताना किमान किती वेग लागतो? पुष्कळशा साध्या गोळ्यांना तो सेकंदाला सुमारे १८०० फूट लागतो. आपल्या रायफलीतून किती यार्डांपर्यंत तेवढा वेग राहतो ते काढलं की आपला पल्ला कळतो.

झुडपाबद्दल फार लिहीत नाही. डहाळी लागली की प्रत्येक गोळी वाकडी जाते, जडसुद्धा. मोकळी वाट मिळेपर्यंत थांबावं.

आता तीनशे पंधरा. हा बोर शिकारीच्या शास्त्रातून निघालेला नाही. इंग्रज सरकारला लष्कराचं .३०३ नागरिकांच्या हाती द्यायचं नव्हतं, म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर मॅनलिकर काडतुसाचा घाट घेऊन वेगळा बोर आला. पुढे बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी बंदूक कारखान्यानं त्यात रायफली बनवल्या. २४४ ग्रेनची, बोथट, मंद गोळी हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा वारसा आहे. जवळून ती काम करते, दूरवर लवकर खाली येते. आणि वाडवडिलांचा अनुभव कसला? शिवपुरीचं आजचं माधव राष्ट्रीय उद्यान शिंद्यांचं शिकारीचं राखीव रान होतं. तिथं हाका व्हायचा, जनावर मचाणासमोर आणलं जायचं, जखमी झालं तर माग काढायला माणसं असायची. भिंतीवर शिंगं लागली ती सापडलेल्यांची. न सापडलेल्यांची नोंद कुणी ठेवली नाही.

मजकुरात गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचा उल्लेखच नाही. साधारण साडेतीन किलोच्या रायफलीत .२४३ चा धक्का १० फूट-पाउंडांच्या आसपास, .३०८ चा १७ च्या, .३०-०६ चा २० च्या, आणि .३०० मॅग्नमचा २५ च्या वर. नवख्या माणसाचं शरीर हा धक्का दोन-चार फैरींतच लक्षात ठेवतं. मग चाप ओढण्याआधीच खांदा आखडतो, डोळा मिटतो, आणि गोळी एक वीत मागे, पोटात जाते. हरीण रवंथ करणारं जनावर आहे. पोटाचा पहिला कप्पा जंतूंनी आणि आंबलेल्या चाऱ्यानं भरलेला असतो. तो फुटला की ते सगळं पोटाच्या पोकळीत सांडतं. जनावर कित्येक तास तडफडून मरतं, बहुतेकदा दाट झाडीत, कुणाला न सापडता. पोट फाटून आलेल्या शेळ्या मी टेबलावर पाहिल्या आहेत. जास्त जड गोळीनं यात काडीचाही फरक पडत नाही.

मोठा बोर कुठेच नको असं मी म्हणत नाही. टेक्सासच्या दक्षिणेत नीलगायही आहे, नर दोनशे किलोंच्या वर आणि खांद्यानं भक्कम. वापिती (अमेरिकेतलं मोठं हरीण, एल्क) त्याहून मोठं. तिथं .३० बोरमध्ये १६५ ते १८० ग्रेनची, मजबूत बांधणीची गोळी योग्य. पण ७०-९० किलोच्या चितळाला किंवा तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला .२४३ मध्ये १००, .२७० मध्ये १३०, ६.५ क्रीडमूरमध्ये १४० च्या आसपास, .३०८ मध्ये १५० ग्रेन पुरेशी आहे. गोळी पूर्ण तांब्याची असेल तर एक पायरी हलकी घ्यावी, .३०८ मध्ये १३० सुद्धा चालते, कारण तांबं फुटून वजन गमावत नाही आणि तिला पसरायला वेग जास्त लागतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. इतरत्रही शिशाचे बारीक कण मांसात राहतात, आणि भाच्याच्या घरी ते मांस लहान मुलं खाणार आहेत. त्याला मी .३०८ आणि तांब्याची गोळी सुचवली आहे. गोळी बदलली की कागदावर पुन्हा नेम जुळवून घ्यायचा, हेही.