खुलासा : मनगट मोडलं म्हणून बोटं बांधून ठेवायची नसतात

‘मनगट मोडलं तर दीड महिना बोटसुद्धा हलवू नका, प्लास्टर निघालं की गरम तेल चोळून जोर लावून वाकवा, आठ दिवसांत मोकळं होतं,’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. दोन्ही सल्ले उलटे आहेत.

प्लास्टर मनगटाला असतं, बोटांना नाही. तळहातावर ते बोटांच्या मुळांअलीकडेच संपवतात ते मूठ वळावी म्हणूनच. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर बोटं, कोपर, खांदा पहिल्या दिवसापासून हलवायचे आणि हात उंचावर ठेवायचा. नाहीतर सूज बोटांत उतरते, सांधे आखडतात. हाड नीट जुळतं, पण मूठ मिटत नाही. झोळीत नुसता पडून राहिलेला खांदाही धरतो, हे बहुतेकांना तो धरल्यावरच कळतं.

आता ते ‘जोर लावून’. सुजलेल्या सांध्याला हिसके दिले की दुखणं आणि ताठरपणा दोन्ही वाढतात. प्लेट-स्क्रू बसवावे लागलेल्या मोठ्या दुखापतीत तर हालचाल कधी, किती, हे सर्जनच ठरवतात. पुढचं काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचं, म्हणजे रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाचं : हाताच्या मापाचा स्प्लिंट (आधाराची पट्टी), मग बटण लावणं, किल्ली फिरवणं, फडकं पिळणं, कणीक मळणं. याला आठ दिवस नव्हे, महिने लागतात. ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी 1950 मध्येच तिचं शिक्षण सुरू केलं.

प्लास्टरमध्ये बोटं बधिर किंवा निळी पडली, वेदना असह्य झाल्या, तर मात्र व्यायाम करत बसू नका; लगेच रुग्णालय गाठा.