सही कुठे करू?

"सर, हस्तलिखित एका बैठकीत संपवलं," असं सांगणारा प्रकाशक भेटला की पुढे प्रश्न विचारणं म्हणजे शुद्ध कृतघ्नपणा. संस्था आठ महिन्यांपूर्वी निघाली असेल, आजवरच्या चार पुस्तकांतलं एक प्रकाशकांच्या स्वतःच्याच कवितांचं असेल. असू द्या. त्यांनी तुमचं वाचलंय, अजून काय हवं?

त्या चारपैकी एखादं पुस्तक दुकानातून विकत घेण्याचा मोह मात्र आवरा. पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारपेठेत, अप्पा बळवंत चौकात, तीन दुकानांत विचारलंत आणि तिन्ही ठिकाणी "कोणाचं म्हणालात?" असं ऐकू आलं, तर उगाच मन खट्टू होतं. मिळालंच, तर मधोमध उघडून टेबलावर पालथं घालू नका. नुसत्या गोंदावर चिकटवलेली बांधणी कट्‌कन वाजते आणि पान 81 हातात येतं. जोडाक्षरंही तपासू नका. युनिकोडमधला मजकूर पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये ओतला की अर्ध्या र चा वाटेतच रफार होतो. मग लग्नघरात आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांना मिळतात आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. मुद्रितशोधनाचे पैसे कोणी धरलेच नसतील, तर सह्याद्रीत समुद्र शिरणारच.

आता व्यवहार. "आम्ही लेखकाकडून पैसे घेत नाही" हे वाक्य ऐकून सद्गदित व्हा आणि पुढचं ऐकूच नका. पुढचं असं असतं: 100 प्रती तुम्ही घ्यायच्या, 40 टक्के सवलतीत. किंमत 250 असेल तर हे झाले 15,000 रुपये, तेही छपाईआधी. डेमी आकाराच्या 160 पानी पुस्तकाचे दहा फर्मे, म्हणजे छपाईचे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, होतात. 300 प्रतींना प्रतीमागे समजा 70 रुपये खर्च धरला तर एकूण 21,000. यातले 15,000 तुमचे. याला गुंतवणूक म्हणतात, फक्त कोणाची ते विचारायचं नसतं. वर पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचं 'आयएसबीएन शुल्क' मागितलं तर तेही देऊन टाका. भारतात हा क्रमांक सरकारी संस्था फुकट देते, ही माहिती त्या क्षणी काढणं असभ्यपणाचं.

मानधन 10 टक्के, हे ऐकलंत की पुरे. कशाचे 10 टक्के, हा हिशोबनिसाचा प्रश्न आहे, लेखकाचा नाही. छापील किमतीचे असतील तर प्रतीमागे 25 रुपये. 'निव्वळ उत्पन्नाचे' असतील तर 250 मधून वितरकाचे 125 गेले, छपाईचे 70 गेले, उरलेल्या 55 चे साडेपाच. वाहतूक आणि जाहिरात अजून वजा व्हायची आहे. हिशोब कधी मिळेल, किती प्रती छापल्या आणि मुद्रकाचं बिल बघता येईल का, यातलं काही कागदावर आणू नका. पन्नास-पन्नास प्रती काढत 'चौथी आवृत्ती' गाठण्याची सोय आता आहे, तिचा आनंद घ्या.

बहुतेक नवे प्रकाशक लबाड नसतात, आणि घोळ तिथेच आहे. लबाडाचा निदान संशय तरी येतो. हा माणूस पुस्तकवेडा असतो. मुद्रकाला पैसे आज लागतात, वितरक देतो सहा-आठ महिन्यांनी, तेही न खपलेल्या प्रती परत करून. मग तिसऱ्या पुस्तकाची छपाई चौथ्या लेखकाच्या 15,000 मधून भागते. पाचवा लेखक वेळेवर भेटला नाही की फोन 'संपर्कक्षेत्राबाहेर' जातो.

म्हणूनच कराराची मुदत नीट, म्हणजे प्रकाशकांना हवी तशी लिहून द्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 भलतंच लेखकधार्जिणं आहे. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षं धरतं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. 2012 च्या दुरुस्तीनंतर तर आज अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचे हक्कही नाव घेऊन लिहिल्याशिवाय जात नाहीत. यातली बहुतेक कुंपणं मोडायला एकच ओळ लागते: 'सर्व हक्क, सर्व भाषा, सर्व माध्यमे, ज्ञात व भविष्यातील, जगभर, कायमस्वरूपी, वापर न झाल्यासही.' तिच्याखाली सही करा. लेखकाच्या हयातीनंतर 60 वर्षं कॉपीराइट चालतो, तेव्हा ऑडिओबुकची परवानगी मागायला तुमची नातवंडं एका बंद पडलेल्या व्हॉट्सॲप नंबरवर 'नमस्कार काका' पाठवत बसतील.

'सहा महिने पुस्तक बाजारात नसेल किंवा दोनदा हिशोब आला नाही, तर हक्क लेखकाकडे परत' असं कलम सुचवू नका. बारशालाच तेराव्याचा विषय कशाला? पानं लावलेली फाइल आणि मुखपृष्ठ कोणाचं, तेही विचारू नका. त्या फाइली डीटीपीवाल्याकडे असतात, त्याचं बिल थकलेलं असतं, आणि तो भला माणूस ते चुकतं होईपर्यंत त्या जिवापाड जपतो.

उरलेल्या प्रती रद्दीत काढण्याआधी लेखकाला विचारावं, हेही लिहून घ्यायची गरज नाही. असं एक पुस्तक साधारण 190 ग्रॅमचं असतं. दोनशे प्रती म्हणजे 38 किलो. गोदामाचं भाडं थकलं की एका टेम्पोच्या कोपऱ्यात सहज मावतात, आणि रद्दीवाला वजनात तुमच्या प्रकाशकापेक्षा काटेकोर असतो. त्याचा काटा तुम्हाला बघताही येतो.