विजयदुर्ग आणि हेलियम: एक खुलासा

‘हेलियमचा शोध १८ ऑगस्ट १८६८ रोजी विजयदुर्ग किल्ल्यावर लागला’ असा मजकूर सगळीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे. त्या दिवशीचं खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं. हेलियमच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली, हेलियमची खूण ठरलेली पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना टिपली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. तोवर, १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे यांना हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे ग्रहणाच्या निरीक्षणासाठी बांधलेले चौथरे, जरूर पाहा, पण १८६८चे म्हणून नव्हे. आणि शांत विजयदुर्गात जाताच आहात, तर जवळच गिर्ये इथे वाघोटन खाडीकाठची, कातळ फोडून केलेली आंग्र्यांची गोदी चुकवू नका. आरमाराची गलबतं तिथे दुरुस्तीला घेत. फिरत्या मजकुरात तिचा उल्लेखही नसतो, याचं फार वाईट वाटतं.