गाडीत दम नाही

"मामा, खरं सांगू? तुमच्या गाडीत दम नाही."

भाच्याने हे इंदूरच्या छप्पन दुकानवर, म्हणजे आमच्या खाऊगल्लीत, पोह्यांवर जीरावण मसाला भुरभुरता भुरभुरता सांगितलं. रविवारी सकाळी छप्पनपाशी गाडी लावायला जागा मिळाली, या आनंदात मी होतो. तो आनंद तिथेच शेवेखाली गाडला गेला. भाचा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे कॉम्प्युटर सोडून बाकी सगळ्या यंत्रांतलं त्याला कळतं.

दम नाही हे मलाही जाणवत होतं. दोनेक महिन्यांपासून गाडीचं सासरी निघालेल्या मुलीसारखं झालं होतं. पाय दाबला की आधी थबकायची, मग मागे वळून पाहायची, मग निघायची. पण आपल्या गाडीचं दुखणं आपण बोलणं वेगळं आणि दुसऱ्याने आपल्याच पैशांचे पोहे खाता खाता बोलणं वेगळं.

तशी गाडी कागदावर तगडी आहे. एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल, ताकद १२० पीएस, टॉर्क म्हणजे चाकं फिरवणारा जोर १७२ न्यूटन मीटर. घेतली तेव्हा हे आकडे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवले होते, गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालासुद्धा. एवढ्याशा इंजिनातून एवढं कसं निघतं, ते इंदूरच्या माणसाला समजवावं लागत नाही. आमच्या गावाने देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा जिरवून त्याचा गॅस करायचा कारखाना उभारलाय. टर्बोही त्यातलाच प्रकार. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर, जो एरवी सायलेन्सरमधून वाया जायचा, तो एका चक्रावर सोडायचा. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून दम जास्त. मुठीत मावेल एवढं ते चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं. आमच्या वडिलांच्या स्कूटरला दम नसला की ती डावीकडे तिरकी करायचे, दोन लाथा घालायचे, दम यायचा. तेव्हा खर्च फक्त चपलेचा होता.

भाच्याने मोबाइलवर यादीच तयार ठेवली होती. पहिल्या नंबरावर ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. पाय काढला की दाबलेली हवा 'च्यूSSS' करून बाहेर सोडणारा. मी विचारलं, याने दम किती वाढेल? तो म्हणाला, दम नाही वाढत, पण मामा, आवाज! कंपनीने हीच हवा गुपचूप परत आत घ्यायची सोय मुळातच करून दिलेली असते, हे मी नंतर वाचलं. म्हणजे आत जाणारी हवा चारचौघांत बाहेर सोडण्यासाठी मी हजारो रुपये मोजायचे. माझ्या वयाला ते काम फुकट होतं.

सायलेन्सर बदलण्यावर मी फार बोलू दिलं नाही. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातलं विष मारणारा डबा, काढून टाका, असा एक बारीक पोटमुद्दा होता. स्वच्छतेत सात-सात वेळा पहिल्या आलेल्या शहरात आपण तेवढे धूर सोडत हिंडायचं! शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि गाडीत मनमानी फेरबदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, असं २०१९च्या दुरुस्तीपासून लिहिलेलं आहे. प्रत्येक बदलामागे. पूर्ण सेट केला म्हणून सूट नाही.

खरा मोह पडला तो रिमॅपचा. यात काही कापायचं नाही, जोडायचं नाही. लॅपटॉप लावायचा, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलायचे, आणि टर्बोची हवा थोडी जास्त दाबायची. टर्बो गाडीला यात पंधरा-वीस टक्के सहज मिळतात. बिनटर्बोच्या गाडीला हेच केलं तर हाती फारसं काही लागत नाही. याला 'स्टेज वन' म्हणतात. म्हणजे स्टेज टू पण असते, हे कळल्यावर मला हॉस्पिटलची आठवण झाली. पण १२०चे १४० होणार, तेही पाना न लावता! रात्री मी अंथरुणात पडल्या पडल्या हिशोब करत होतो. मग एकेक कळत गेलं. जादा टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्सने पेलायचा. वॉरंटी जायची. इन्शुरन्सवाल्याला सांगितलं तर तो कपाळाला आठ्या घालणार, नाही सांगितलं तर क्लेमच्या दिवशी घालणार. आणि मे महिन्यात पारा ४२ला असताना आत जाणारी हवाच तापलेली, ती आणखी दाबायची म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोका यायची भीती. मग तोच कॉम्प्युटर स्वतःला सावरायला दम कमी करणार. विकत घेतलेले वीस पीएस उन्हाळ्याच्या सुट्टीवर.

बायकोने हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ऑफिसला किती मिनिटं लवकर पोचाल?"

हा प्रश्न भाच्याच्या यादीत नव्हता. मी इरेला पेटलो. आठवडाभर वही ठेवली. राजेंद्रनगर ते विजयनगर, सरासरी वेग ताशी सतरा किलोमीटर. आणि मी पाय पूर्ण दाबला तो अख्ख्या आठवड्यात मिळून अकरा सेकंद. त्यातले चार सेकंद पुढच्या कचऱ्याच्या गाडीला ओलांडण्यात गेले. पुढच्या गल्लीत तिनेच, गाणं वाजवत, पुन्हा मला अडवलं. आता गंमत बघा. पिथमपूरला, आमच्या उंबरठ्यावर, नॅट्रॅक्सचा आशियातला सगळ्यात लांब हायस्पीड ट्रॅक आहे, ११.३ किलोमीटर, वळणावरसुद्धा ताशी २५० सहज. आणि ए.बी. रोडवरचा आमचा बीआरटीएस, म्हणजे बसची राखीव मार्गिका, होता साधारण साडेअकरा किलोमीटर. लांबी तेवढीच. माझ्या कुंडलीत दुसरा आला, आणि तोही पाडायला घेतल्यावर.

तरी मन मानेना. शेवटी भाच्याशी तहाची बोलणी झाली आणि यादीतलं सगळ्यात स्वस्त कलम मान्य झालं. हवेचा फिल्टर. कंपनीचा चौकोनी कागदी काढायचा आणि शंकूसारखा लाल बसवायचा. गाडी मोकळा श्वास घेईल, भाचा म्हणाला. बॉनेट उघडल्यावर लाल दिसेल, हेही म्हणाला.

शनिवारी गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री आमचा जुना आहे, फार बोलत नाही. त्याने फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या, झाकण उचललं आणि तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भिया, ये फिल्टर है या सराफा?"

सराफा म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार. मी वाकून पाहिलं. डब्यात खालच्या बाजूला शेव होती. जाड, लवंगेची शेव, चांगली ओंजळभर. शेंगदाण्याची टरफलं. आमच्या हरवलेल्या पिवळ्या फडक्याच्या चिंध्या, गोल करून, मधे खळगा करून, छान गादीसारख्या अंथरलेल्या. एक खारीक, अर्धी. आणि फिल्टरच्या कागदाच्या घड्या एका कोपऱ्यात अशा कुरतडलेल्या की पलीकडचा उजेड दिसायला बेताचाच पडदा उरला होता. उरलेल्या घड्यांत धूळ आणि बेसनाचा चुरा गच्च बसलेला. दोन महिने माझी गाडी उशी तोंडावर धरून धावत होती. रिमॅप केला असता तर याच उशीतून वीस टक्के जास्त ओढायला लावलं असतं.

मिस्त्रीने बोटाने तो विरलेला कोपरा दाबून दाखवला. हा फाटला असता तर शेव सरळ टर्बोच्या चक्रात. दीड लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यांना खडा काय आणि शेव काय. टर्बोची किंमत त्याने सांगितली तेव्हा मी शेजारच्या टायरवर बसलो.

लाल शंकू राहिला बाजूला. कंपनीचाच नवा कागदी फिल्टर, काही शे रुपयांचा. मिस्त्रीने मग आपणहून स्पार्क प्लग तपासले, दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला जाणारा पाइप हाताने ओढून पाहिला, ऑइल बदलायला आलंय म्हणाला. टर्बोचा दांडा त्याच ऑइलवर तरंगतो, त्यात कंजुषी नको, आणि हायवेवरून आल्यावर इंजिन बंद करायच्या आधी अर्धा मिनिट चालू ठेवत जा, एवढं लांबलचक भाषण त्याने वर्षात पहिल्यांदा केलं. माझ्या मते रोजच्या गाडीला पैसे घालायचेच असतील तर ते इथे, आणि टायरांत. भाच्याला मी हे सांगितलं. टायरांचा व्हिडिओ कोणी बघत नाही, असं त्याचं उत्तर.

राऊच्या पुढे मोकळ्यावर जाऊन पाय दाबला. गाडी सुटली, अशी सुटली की भाच्याच्या हातातला फोन मांडीवर पडला. शंभर ऑक्टेनचं महाग पेट्रोल नाही, लॅपटॉप नाही. "मामा, ही तुमची स्टेज वन," तो म्हणाला.

घरी बायकोला फडक्याच्या चिंध्या दाखवल्या. तिला उंदराची दया आली. "गणपतीचं वाहन आहे ते. आपल्या वाहनात राहिलं तर बिघडलं काय? चतुर्थीला तुम्हीच त्याला शेव-खारीक ठेवता." ठेवतो मी देव्हाऱ्यात, तो नेतो बॉनेटखाली. प्रसादाची एवढी वाहतूक आपल्या गाडीतून होते हे मला ठाऊक नव्हतं.

रात्री पार्किंगमध्ये गाडीच्या पुढच्या चाकाशी पिंजरा लावला, आत शेव. सकाळी पाहिलं तर पिंजऱ्याचं दार होतं तसं उघडं, शेव गायब, आणि कारपेटाचा एक नवा तुकडा चाकापासून थेट बॉनेटकडे गेलेला. भाच्याला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं:

"मामा, स्टेज टू."