कुंदनला जिवंत करायचा हक्क कुणाचा?

'रांझणा' या हिंदी चित्रपटात धनुषने साकारलेला कुंदन शेवटी मरतो. २०१३ साली ज्यांनी तो पाहिला, त्यांच्या मनातून हॉस्पिटलमधलं ते शेवटचं स्वगत अजून गेलं नसेल. १ ऑगस्ट २०२५ला त्याची तमिळ आवृत्ती 'अंबिकापती' पुन्हा थिएटरात लागली आणि तिच्यात कुंदन डोळे उघडून उठला! धनुषने हे दृश्य कधी केलंच नव्हतं. ते एआयने बनवलेलं. धनुषने आणि दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी उघड विरोध केला, तरी चित्रपट लागलाच.

मला याचा मनापासून राग आहे.

पडद्यावरच्या खोट्याचं मला वावडं नाही. २०१९चा 'लायन किंग' जवळजवळ अख्खा कॉम्प्युटरवर घडवलेला आहे, खराखुरा कॅमेऱ्याने घेतलेला त्यात एकच शॉट. बिघडलं काय? त्यात कुणाचं काही हिरावलं गेलं नाही. आपल्याकडे तर ट्रिक सीन्स फाळक्यांपासूनच आहेत. 'कालिया मर्दन' (१९१९) यूट्यूबवर जरूर बघा. सुरुवातीला फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी नुसती हावभाव करून दाखवते आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. आधी कलाकाराची ओळख, मग माया. शंभर वर्षांपूर्वी त्या माणसाला हे सुचलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता उलटं चाललंय. ब्रिटिश नट पीटर कुशिंग १९९४ साली गेले. २०१६च्या 'रोग वन' या 'स्टार वॉर्स' चित्रपटात ते पुन्हा दिसले. अभिनय गाय हेन्री या दुसऱ्या नटाचा, वर चेहरा कुशिंगचा. वारसांची परवानगी होती म्हणे. पण वारसांचा होकार म्हणजे त्या नटाचा होकार नव्हे. एखादी भूमिका नाकारणं हाही नटाच्या कामाचाच भाग असतो आणि मेलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. हॉलिवूडचे नट रॉबिन विल्यम्स यांनी हे ओळखून मृत्यूनंतर २५ वर्षं, म्हणजे २०३९पर्यंत, आपली छबी वापरायला बंदी घालून ठेवली.

ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, पण कुटुंबांना विचारून, मोबदला देऊन आणि जाहीर सांगून. तिथेही माझं मन पूर्ण मानत नाही, तरी निदान लपवाछपवी नव्हती.

अनिल कपूर २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि आपल्या चेहऱ्याला, आवाजाला, 'झकास'लासुद्धा संरक्षण मिळवून आले. मालिकांमध्ये छोटी कामं करणारी, डबिंगवर घर चालवणारी आपली पोरं कुठल्या कोर्टात जाणार? हॉलिवूडच्या नटांना याच मागणीसाठी, इतर मागण्यांसोबत, २०२३मध्ये ११८ दिवस संप करावा लागला.

म्हणून इथल्या कलाकार मित्रमैत्रिणींना कळकळीने सांगते: करारात 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असं दिसलं की थांबा. चेहरा आणि आवाजाच्या डिजिटल वापरासाठी वेगळं कलम मागा, दर वेळी वेगळी परवानगी, वेगळे पैसे. आणि अशी दृश्यं असलेल्या चित्रपटाआधी पडद्यावर स्पष्ट पाटी लागलीच पाहिजे, ही मागणी आपण प्रेक्षकांनी लावून धरू या.