गुहागरच्या काकांना : पडवी, फिनेल आणि चिऱ्याची भिंत

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की आमच्या कुत्र्यांच्या निवाऱ्याला घोटीव भिंती, एकेकाला दोन-दोन खोल्या आणि नव्याला चौदा दिवस वेगळं ठेवणं ही शहरी थेरं आहेत. वाडीतली कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पडवीत निजली, सकाळी फिनेल मारलं की भागायचं.

पडवीचं खरंय, आमच्याकडेही तसंच होतं. पण पडवीत कुत्रं एक, फार तर दोन. निवाऱ्यात पावसाळ्यात तीसच्या वर असतात, आणि कोण कुठून काय घेऊन आलंय ते कपाळावर लिहिलेलं नसतं.

फिनेलच्या भरवशावर मीही होते. एका जुलैत रक्ताची हगवण लागून एक पिल्लू गेलं. खोली दोनदा फिनेलने पुसली. वासाने डोळे चुरचुरले, म्हणजे झाली स्वच्छ, असं धरून आठवड्याने चार नवी पिल्लं तिथेच सोडली. पाचव्या दिवशी दार उघडलं तर तोच कुजकट, लोखंडी वास आणि भांड्यातला भात जसाच्या तसा. चारांतलं एक वाचलं. ही हगवण ज्याने लागते तो पार्व्होचा विषाणू फिनेलला जुमानत नाही, दमट सावलीत महिनोन्‌महिने टिकतो. त्याला क्लोरीनच लागतं. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ताजी असेल तर लिटरला पाच-सहा ग्रॅम पुरते. मात्र आधी विष्ठा उचलून जागा साबणाने धुवायची, मग ते टीसीएलचं पाणी दहा मिनिटं तिथे राहू द्यायचं, मग पुन्हा धुवायचं. घाणीवरच ओतलं तर क्लोरीन घाणीतच संपतं. आणि पिशवी उघडी राहिली की आपल्या हवेत त्या पावडरीचा जोर उतरतो. (ती फिनेलमध्ये किंवा अ‍ॅसिडमध्ये कालवू नका, छातीत जाईल.)

आता भिंत. चिरा, म्हणजे जांभा दगड, हा आपला जीव की प्राण, पण त्याची भोकं धुवून निघत नाहीत. गोचीड रक्त पिऊन फुगली की भिंत चढते आणि अशाच भोकांत हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याला कितीही औषध लावा, भिंत तिला पुन्हा पुरवतच राहते. म्हणून गिलावा. पैसे खालच्या चार फुटांपुरतेच होते. वरच्या भेगा नुसत्या बुजवल्या.

दोन खोल्यांमध्ये पत्र्याचं सरकतं दार आहे, विहिरीच्या कप्पीवर दोर टाकून बाहेरून ओढायचं. कुत्रं पलीकडे, आपण अलीकडे धुतो. नाहीतर रोज तीसही कुत्री पावसात एका पडवीत बांधावी लागतात, आणि रोगाला तेवढंच हवं असतं. झाडलोटही आधी पिल्लांची, आजाऱ्यांची शेवटी, त्यांची बादली वेगळी. चौदा दिवसांचं कारण सोपं आहे : पार्व्हो बहुतेकदा आठवड्यात दिसतो, कधी दोनही लागतात. लस मात्र आल्या दिवशीच देतो.

उरलेलं अन्न रात्री उचलतो ते उंदरांमुळे. त्यांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) कुत्र्यालाही होतो आणि गमबूट न घालणाऱ्या आपल्यालाही. सिंधुदुर्गात हे कुणाला सांगायला नको.

एक मात्र तुमचं मान्य. कुत्रं निवाऱ्यात जितकं जास्त राहील, तितकं आजारी पडेल. नसबंदी होऊन टाका सुकला की आम्ही त्याला त्याच्याच वाडीत नेऊन सोडतो. केंद्राच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही तेच आहे.

आगोटीआधी एकदा या, कप्पी ओढून बघा. फक्त तुमच्या मोत्याला घरी ठेवा, आणि आजाऱ्यांकडे आपण शेवटी जाऊ.