तेल सुचवणाऱ्यांनो, जरा थांबा

भाचीचा फोटो टाकला आणि तासाभरात तेलं, लेप, बायोटिनच्या गोळ्या सगळं सुचवून झालं. एकीने तर ‘लहानपणी केसांची काळजी घेतली नाही का?’ असंही विचारलं. ताईने वाचलं ते. तिला विचारूनच हे लिहितोय.

कुठल्याही तेलाने भाचीचे केस दाट होणार नाहीत. तिला ट्रायकोरायनोफॅलेंजियल सिंड्रोम आहे. जीभ अडखळते ना? टीआरपीएस म्हणा. आठव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातला दोष. केस विरळ आणि सावकाश वाढणारे, नाकाचा शेंडा फुगीर, वरचा ओठ पातळ, बोटं आखूड, वाकडी. तिचा प्रकार पहिला, त्यात बुद्धी अगदी व्यवस्थित असते. म्हणजे तुमच्या कमेंटी तिला नीट कळतात.

केसांसाठी किती डॉक्टर झाले! सगळ्यांनी डोकंच पाहिलं. मग एकदा ती पडली, हाताचा एक्स-रे काढला. हाड मोडलं नव्हतं, पण रेडिऑलॉजिस्ट बाईंना बोटांच्या हाडांची वाढती टोकं शंकूसारखी दिसली. त्या ताईकडे वळून म्हणाल्या, ‘तुमचे हात दाखवा बरं.’

ताईची बोटंही तशीच! १९६६ साली हा आजार पहिल्यांदा मांडणारे गिडियनही रेडिऑलॉजिस्टच होते, हे मी नंतर वाचलं.

बरं, तुम्ही मायेने लिहिता, मान्य. दुर्मिळ आजार प्रत्येक डॉक्टरला ओळखू येणार नाही, तेही मान्य. पण समोर बसलेल्या पोरीचे हात बघायला काय लागतं? त्या बाईंनी बघितलेच ना!

आई-वडिलांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरतो, प्रत्येक मुलामागे ५० टक्के शक्यता. आमच्याकडे ‘ताईचं नाक आईवर गेलंय’ म्हणून कौतुक व्हायचं. मी वडिलांवर गेलो, सुटलो. त्यात माझं कर्तृत्व शून्य, तसाच ताईचा दोषही शून्य. पण ‘हात दाखवा’ ऐकल्यापासून ती चारचौघांत मुठी मिटून बसते, आणि त्यात तुमचं ‘काळजी घेतली नाही का’. जाऊ दे.

केसांचं सोडा, खरा घोर हाडांचा आहे. या आजारात खुब्याचे सांधे लवकर झिजू शकतात. भाचीची तपासणी सुरू आहे. ताईचा खुबा मात्र केव्हापासून दुखतोय आणि तिला वजन कमी करायला सांगून घरी पाठवलं जातंय.

ताई, या आठवड्यात तुझाही एक्स-रे काढायचा. कारणं नकोत, मी सोबत येतोय.